उत्तर कोकणातील चूल व आगोटीची डागडुजी : वसई परिसराच्या संदर्भात

१

मराठी भाषेत 'चूल' ह्या शब्दाचा अर्थ स्वयंपाकाच्या साधनापुरता मर्यादित नाही. वेगळी चूल मांडणे म्हणजे वेगळे कुटुंब होणे होय. भारताच्या जनगणनेतही एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे हेच कुटुंबाचे लक्षण मानलेले आहे. असे असूनही इतिहासलेखनात चुलीला फारसे स्थान मिळालेले नाही. वसईच्या इतिहासापुरते बोलावयाचे तर १५३४ चा तह, १७३९ मधील चिमाजी आप्पांचा विजय आणि ३१ डिसेंबर १८०२ चा तह ह्यांची चर्चा विपुल झाली आहे. पोर्तुगीज, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही राजवटींत येथील रयतेचे अन्न ज्या चुलींवर शिजले, त्यांची चर्चा मात्र क्वचितच आढळते.

ह्या उपेक्षेचे एक कारण उघड आहे. दगडी तट शतकानुशतके उभा राहतो. मातीची चूल दरवर्षी नवी होते आणि जुनीची माती परसात मिसळून जाते. दुसरे कारण असे की, चुलीची निगा हे स्त्रियांचे काम होते आणि त्या कामाची नोंद दप्तरात ठेवण्याची गरज कोणत्याच राजवटीला भासली नाही. तथापि लाकूड, पेंढा, झावळ्या आणि कारवीच्या कुडांनी बांधलेल्या घरात विस्तव बारा महिने सांभाळला गेला, ही सामान्य गोष्ट नव्हे. तो कसा सांभाळला गेला आणि पुढे आलेल्या सुधारणांनी त्या व्यवस्थेचे काय केले, हे पाहणे उद्‌बोधक ठरते.

२

युरोपातील घरांत अग्निस्थान हे मुख्यतः उबेसाठी असे. म्हणून त्याला भिंतीतील धुरांड्याची जोड मिळाली. कोकणात उबेची गरज अल्प, त्यामुळे चूल ही पाकसाधनच राहिली आणि धूर कौलांच्या वा पेंढ्याच्या फटींतून वाट काढीत असे. उबेसाठी घरात विस्तव येई तो विशेषेकरून बाळंतिणीच्या बाजेखालील शेगडीच्या रूपाने. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू साचतो, हे ज्ञान अर्वाचीन आहे. परंतु शेगडीतील कोळसे बाहेर फुलवून, त्यांचा धूर गेल्यावरच त्या आत आणण्याच्या रीतीने धोक्याचा काही अंश कमी होत असे. तो पूर्णतः मात्र टळत नसे, कारण फुललेल्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच असतो.

चुलीची रचना साधी होती. तीन बाजूंनी मातीचा कठडा, पुढे जळण सरकविण्यास तोंड, बाजूस मागच्या आचेवर चालणारा वैल आणि पाठीमागे भांडी ठेवण्याचा भानवस. वारुळाची किंवा चिकण माती, भाताचा तूस आणि शेण एकत्र मळून ती घडवीत आणि सावलीत सुकवीत. उन्हात सुकविल्यास तिला तडे जात. पहिला जाळ मंद ठेवीत. तुसामुळे माती हलकी होते व तापल्याने फुटत नाही. भानवसामुळे चूल आणि कुडाची भिंत ह्यांमध्ये मातीचा जाड थर राहतो. सोयीबरोबर संरक्षणही त्यातून साधले जाई.

३

चुलीच्या निगेचे वर्ष पंचांगापेक्षा पावसाने ठरत असे. मृगापूर्वीच्या तयारीला कोकणात 'आगोट' म्हणतात. धान्य, मीठ, मसाला आणि सुकी मासळी ह्यांच्या बेगमीचा उल्लेख आगोटीच्या वर्णनांत नेहमी येतो. चुलीचे काम मात्र त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः आगोटीच्या कामांत ते अत्यंत जोखमीचे होते. चैत्र-वैशाखात छप्पर कोरडे ठणठणीत झालेले असे आणि एक ठिणगीही पुरेशी होई. म्हणूनच ह्या दिवसांत पाणी तापविणे, धान्य उकडणे अशी मोठ्या जाळाची कामे परसातील चुलाणावर नेण्याकडे कल असे. ह्याच सुमारास आढ्याला व वाशांना धरलेली काजळी झाडून काढीत. काजळी स्वतः जळते आणि तिच्या लोंबत्या जाळ्यांवरून ज्वाला छपरापर्यंत पोहोचते. तेव्हा ही झाडलोट केवळ स्वच्छतेची बाब नव्हती.

जळणाचा प्रश्न वसईच्या दोन पट्ट्यांत दोन प्रकारचा होता. पश्चिमेकडील बागायती गावांत नारळाच्या झावळ्या, पोया, सोडणे आणि करवंट्या हे जळण. पूर्वेकडे तुंगारेश्वरच्या डोंगराकडील पाड्यांत रानातील लाकूडफाटा. झावळी क्षणात भडकते आणि तिची ज्वाला उंच जाते, म्हणून ती मोडून, थोडी थोडी सरकवावी लागते. लाकूड सावकाश जळते, पण त्याची कोलती चुलीबाहेर घरंगळण्याची भीती असते. जळण कोणतेही असो, ते पावसापूर्वी सुकवून माळ्यावर किंवा पडवीत रचावे लागे. ओले जळण धूर अधिक करते आणि आच कमी देते. परंतु सुक्या जळणाचा साठा घरात येताच धोकाही घरात येतो. त्यामुळे तो चुलीपासून दूर ठेवून दोन-तीन दिवसांपुरतेच सरपण जवळ घेण्याची शिस्त आवश्यक ठरे.

पावसाळ्यात चुलीला ओल धरे. पडलेल्या चिरा बुजवून तिला शेणमातीचा पोचारा द्यावा लागे. चिरेतून आच भिंतीकडे वळते, ही गोष्ट पोचारा देणारीला अनुभवाने ठाऊक असे. पावसाळा सरल्यावर दसरा-दिवाळीच्या आधी हिंदूंच्या घरी आणि नाताळापूर्वी ख्रिस्ती घरी सारवण होऊन चूल पुन्हा नीट केली जाई. धर्म वेगळे असले तरी माती, शेण आणि हात ह्यांचे काम एकच होते.

रोजच्या व्यवहारातील नियमही ह्या वर्षक्रमाला जोडलेले होते. पदर खोचून चुलीपुढे बसावे, राख पूर्ण निवल्याखेरीज उकिरड्यावर टाकू नये, रात्री निखारे राखेखाली पुरावेत. ह्या शेवटच्या रिवाजाचे युरोपीय रूप लक्षणीय आहे : 'कर्फ्यू' हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ 'विस्तव झाकणे' असा होतो. मध्ययुगीन नगरांत घंटा वाजवून जी आज्ञा द्यावी लागे, ती कोकणातील घरात घंटेवाचून पाळली जात होती. त्यात सकाळी विस्तव जिवंत मिळावा हाही हेतू होता. आगकाड्या सुलभ झाल्यावर तो हेतू उरला नाही. विसाव्या शतकात तर आगपेट्यांचा कारखाना ठाणे जिल्ह्यातच, अंबरनाथ येथे निघाला.

४

एकोणिसाव्या शतकात ह्या व्यवस्थेवर बाहेरून दोन परिणाम झाले. पहिला परिणाम रेल्वेचा. १८६४ मध्ये मुंबई-सुरत मार्ग जोडला गेला आणि एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली. मुंबईची जळणाची मागणी मोठी होती. ठाणे जिल्ह्यातील लाकूड गलबतांनी जात होतेच, ते आता रेल्वेनेही जाऊ लागले. दुसरा परिणाम १८७८ च्या जंगल कायद्याचा. रानातील लाकूडफाट्यावर आणि राबासाठी लागणाऱ्या टहाळावर निर्बंध आल्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष पसरला आणि त्याच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला. ह्या वादात शेतीचा प्रश्न अग्रभागी राहिला. सरपणाची मोळी आणणाऱ्या स्त्रीची वाट त्यामुळे किती लांबली, हा प्रश्न मागे पडला.

घराच्या बांधणीतही पालट झाला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. पुढे मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. पेंढ्याच्या छपराची जागा कौलांनी घेतल्याने आगीचे भय पुष्कळ ओसरले.

५

धुराच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. धुराने वाशांची व बांबूची कीड मरे. चुलीवर टांगलेले बियाणे टिके. घराला उपकारक असलेला हाच धूर चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांना व फुप्फुसांना मारक होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू घडले. जुन्या निगेत आगीविरुद्ध अनेक उपाय होते; धुराविरुद्ध सुके जळण आणि फुंकणी ह्यांपलीकडे काही नव्हते. ही त्या व्यवस्थेची मोठी उणीव होय आणि परंपरेचे गुणवर्णन करताना ती झाकता कामा नये.

उणीव दूर करण्याचे प्रयत्न झाले. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाच्या परंपरेतील मगन चूल, १९५३ च्या सुमारास हैदराबाद येथे एस. पी. राजू ह्यांनी पुरस्कारिलेली निर्धूर चूल आणि १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने हाती घेतलेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम, हे त्यांतील प्रमुख टप्पे. धुरांडे जोडून धूर बाहेर काढणे हे त्यांचे तत्त्व निर्दोष होते. परंतु धुरांड्यात काजळी साठते, ती वरचेवर काढावी लागते. ते छपरातून जाते तेथे पाऊस गळतो आणि छप्पर पेंढ्याचे असल्यास आगीचे नवे स्थान निर्माण होते. चुली वाटल्या गेल्या. पण त्यांच्या डागडुजीची व्यवस्था अनेक ठिकाणी त्यांच्याबरोबर पोहोचली नाही आणि काही वर्षांत पुष्कळ चुली निकामी झाल्या. जी स्त्री दरवर्षी आपल्या हाताने चूल घडवीत होती, तिला ह्या योजनांत बहुधा केवळ लाभार्थी मानले गेले.

६

१९५५ च्या सुमारास मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विक्रीस आला आणि यथाकाल वसईतही पोहोचला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने तो गरीब घरांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. गॅसने धुराचा प्रश्न सोडविला, हे निःसंशय होय. निगेची आवश्यकता मात्र संपलेली नाही. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी लागते आणि ती मुदत नळीवर छापलेली असते. पूर्वी चिरेकडे पाहून जे कळे, ते आता छापील तारखेवरून कळावयाचे आहे, आणि तारीख वाचण्याची सवय घराघरांत मुद्दाम लावून घ्यावी लागते.

महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या वसईच्या गावांतही काही घरांच्या परसात पाणी तापविण्याची चूल टिकून आहे आणि पावसापूर्वी तिला पोचारा मिळतो. तो देणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडे मातीचे प्रमाण, जळणाची निवड आणि विस्तवाची शिस्त ह्यांचे जे ज्ञान आहे, ते कोणत्याही दप्तरात नाही. वसईच्या तटबंदीची मोजमापे झाली आहेत. ह्या ज्ञानाचीही नोंद त्यांच्या हयातीतच होणे अगत्याचे आहे.