ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार

ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार : अमेरिकेत कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या, पण अमेरिकी नागरिक नसलेल्या व्यक्तीचा पती किंवा पत्नी. अमेरिकेच्या स्थलांतर आणि नागरिकत्व कायद्यात (१९५२) अशा जोडीदारांचा आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांचा मिळून एक वर्ग आहे. त्याला एफ-२ए म्हणतात. नागरिकाच्या जोडीदाराच्या व्हिसाला संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र रांगेत उभे राहावे लागते.

या विषयात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारखांचा क्रम. नोकरीच्या आधारे अर्ज केलेल्याचे लग्न ग्रीन कार्ड मंजूर होण्यापूर्वी झाले असेल, तर पत्नी किंवा पती त्याच अर्जाच्या आधारे मागाहून जाऊ शकतो. नवी रांग लागत नाही. लग्न मंजुरीनंतर झाले, तर आय-१३० हा स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तो दाखल झाला त्या तारखेपासून प्रतीक्षा सुरू होते. मंजुरीच्या आदल्या दिवशीचे लग्न आणि दुसऱ्या दिवशीचे लग्न यांत काही वर्षांच्या विरहाचा फरक पडू शकतो.

एच-१बी व्हिसावर तात्पुरत्या नोकरीसाठी गेलेल्याची पत्नी एच-४ व्हिसावर त्याच्याबरोबरच जाऊ शकते. तोच माणूस ग्रीन कार्ड घेतो तेव्हा त्याचा एच-१बी दर्जा संपतो आणि त्यानंतर लग्न केल्यास एच-४ चा मार्ग उरत नाही. पर्यटक व्हिसाही सहसा मिळत नाही, कारण अर्जदार परत येणार नाही असे कायदा गृहीत धरतो आणि दाखल झालेला आय-१३० त्या संशयाला बळच देतो. पाहुण्याला जे मिळते ते घरच्या माणसाला नाकारणारी ही व्यवस्था अन्यायकारक आहे, असेच म्हणावे लागते.

अमेरिकी संसदेनेही हा अन्याय एकदा मान्य केला होता. २१ डिसेंबर २००० रोजी संमत झालेल्या कायद्याने ‘व्ही’ व्हिसा आला. तीन वर्षे ताटकळलेल्या जोडीदारांना त्यावर अमेरिकेत जाऊन तिथे वाट पाहता येई. पण त्या दिवसापर्यंत दाखल झालेल्या अर्जांपुरतीच ती सवलत होती. पुढच्या जोडप्यांसाठी ती वाढवली गेली नाही.

दुसऱ्या पसंतीच्या कौटुंबिक वर्गाचा वार्षिक वाटा मुळात १,१४,२०० व्हिसांचा असून त्यातले ७७ टक्के एफ-२ए ला जातात. त्यांपैकी तीन चतुर्थांश व्हिसांना देशनिहाय मर्यादा लागू नसते. म्हणून नोकरीच्या रांगेत भारतीयांची जी कोंडी होते, ती इथे सहसा होत नाही. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात तर या वर्गाला तारखेची अडचणच नव्हती. तरीही एप्रिल २०२० च्या अध्यक्षीय घोषणेने परदेशातील जोडीदारांचा प्रवेश रोखला. नागरिकांच्या जोडीदारांना त्यातून वगळले होते, यांना नाही. ही बंदी फेब्रुवारी २०२१ मध्ये उठली. एप्रिल २०२३ पासून रांग पुन्हा लागली. कोणत्या तारखेच्या अर्जाची पाळी आली, हे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा पत्रकात कळते. ग्रीन कार्डानंतर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्व घेता येते. ते मिळाले की प्रलंबित अर्ज नागरिकाच्या जोडीदाराचा ठरतो आणि रांग संपते.

मराठी कुटुंबांची व्हिसासाठीची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. तिथे लग्नपत्रिका आणि अंतरपाट-सप्तपदीचे फोटो पुरावा म्हणून उपयोगी पडतात, पण विवाह नोंदणीचा दाखला लागतोच. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या अधिनियमानुसार होते. गोव्यात नागरी नोंदणी कार्यालयात आधी इच्छेची घोषणा आणि नंतर पक्की सही करावी लागते. खरी गुंतागुंत नावाची असते. लग्नानंतर मुलीचे मधले नाव वडिलांच्या जागी नवऱ्याचे होते, आडनावही बदलते, कधी पहिले नावही. जन्मदाखला एका नावाचा, पदवी दुसऱ्या स्पेलिंगची आणि पासपोर्ट तिसऱ्याच, अशी कागदपत्रे जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. नाव बदलणे कायद्याने सक्तीचे नाही. माहेरचे नाव कायम ठेवले तर निम्मे काम वाचते.

जोडीदाराजवळ राहायचे म्हणून कार्डधारकाने भारतात दीर्घकाळ मुक्काम करणे धोक्याचे आहे. सहा महिन्यांहून जास्त गैरहजेरीने नागरिकत्वासाठीच्या सलग वास्तव्यावर प्रश्न उभा राहतो. वर्षभराहून अधिक राहायचे तर अमेरिका सोडण्यापूर्वीच पुनःप्रवेश परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. शिवाय जोडीदाराच्या आर्थिक हमीपत्रासाठी अमेरिकेत घर असल्याचे किंवा तिथे परतणार असल्याचे दाखवावे लागते.

अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर जोडीदाराला दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते. बनावट लग्ने रोखण्यासाठी १९८६ मध्ये ही अट आली. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ती काढून टाकण्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. त्यामुळे नवविवाहितेचे तिथले राहणे नवऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे असे भासवून तिला दाबले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. छळ होत असेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर तिला एकटीलाही अर्ज करता येतो. अजून कार्डच मिळाले नसेल, तरी १९९४ च्या स्त्री-अत्याचारविरोधी कायद्याने छळ सोसणाऱ्या जोडीदाराला स्वतःच्या नावाने अर्ज करण्याचा हक्क दिला आहे. अमेरिकेला निघणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईवडिलांना हे विमानात बसण्यापूर्वी माहीत असलेच पाहिजे.