चहाचा पेला आणि बुटके दार

अमरावतीच्या नावावरून वऱ्हाडच्या कापसाला परदेशच्या पेठांत ‘उमरा’ म्हणत. १८९३ साली जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा ही जपानी जहाजकंपनी यांनी मिळून मुंबई ते कोबे असा जलमार्ग सुरू केला, आणि अकोला-अमरावतीकडील कापसास जपानी गिरण्यांची वाट अधिक सुलभ झाली. कापूस गेला, तिकडून कापड आले. परंतु जपानी चहापानाचा विधी मात्र इकडे आला नाही.

या विधीस ‘चानोयु’, म्हणजे चहाचे ऊन पाणी, असे साधे नाव आहे. एइसाई नावाच्या भिक्षूने ११९१ साली चीनमधून परतताना चहाचे बी आणले, असे परंपरा सांगते. पुढे मुराता जुको याने थाटमाट टाकून साधेपणाची वाट दाखविली, आणि साकाई बंदरातील व्यापाऱ्याच्या घरी १५२२ साली जन्मलेल्या सेन नो रिक्यू याने ती पूर्णत्वास नेली.

रिक्यूची ताइआन ही खोली अवघ्या दोन चटयांची. अशा खोलीचे दार दोन-अडीच फुटांचे. सरदार असो वा सावकार, त्याने तलवार बाहेर ठेवावयाची व गुडघ्यांवर सरकत आत यावयाचे. दाट चहाचा एकच पेला साऱ्या पाहुण्यांत फिरतो. ओठ लावलेली कड पुसून प्रत्येकजण तो शेजाऱ्यास देतो. शिकणाऱ्याचा आरंभ चहापासून होत नाही. रुमालाची घडी, चटईवरील पाऊल, नमस्कार, येथून होतो. १५९१ साली हिदेयोशीच्या आज्ञेने रिक्यूस आत्मघात करावा लागला. पण त्याच्या वंशातील तीन घराण्यांनी विद्या राखली, आणि १८७५ साली तोकियोत निघालेल्या आतोमी कन्याशाळेत ती अभ्यासाचा विषय झाली.

वऱ्हाडात पाहुण्याचे स्वागत गूळपाण्याने होई. चहा मागाहून आला, तो विधी म्हणून नव्हे, विक्रीचा माल म्हणून. त्याचा खप वाढविण्यासाठी १९०३ साली कायद्याने चहावर कर बसवून प्रचाराची सोय करण्यात आली. गल्लोगल्ली दुकाने झाली. परंतु महाराष्ट्रात अनेक दुकानांत अस्पृश्यांची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली असे. पेय नवे, पंक्तिभेद जुनाच! १९२७ साली अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ झाली व डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा प्रश्न देवळाच्या दाराचा होता. पण ज्याच्या त्याच्या ओसरीचे दारही त्यात गुंतलेलेच होते.

यावरून जपान निर्दोष ठरत नाही. तेथेही बहिष्कृत जाती होत्या. १८७१ च्या राजाज्ञेने त्यांचा हीन दर्जा कागदोपत्री रद्द झाला, तरी तिरस्कार लगेच गेला नाही. दोन चटयांवरील समता खोलीबाहेर आपोआप पसरत नाही. त्यास कायदा लागतो. भारतीय राज्यघटनेने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली व उपाहारगृहांतील मज्जाव निषिद्ध ठरविला.

परंतु कायदा दार उघडतो. पेला पुढे करणारा हात त्याला घडविता येत नाही. तो हात शिकवावा लागतो, आणि ते शिक्षण रुमालाच्या घडीइतक्याच लहान गोष्टीपासून, घरातच, सुरू होते.