पर्यावरण संशोधनात पहिले पाऊल : कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ)

वाराणसीच्या अहिल्याबाई घाटावर स्नान करणाऱ्याला पाणी योग्य आहे का, हे नुसते पाहून कळत नाही. स्नानाच्या मानकानुसार एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो. नमुने तपासायला पर्यावरण शास्त्रज्ञ आणि आकडेवारी अभ्यासायला संगणक प्रोग्रामर लागतात. या दोन्ही कामांकडे जाण्याचा एक मार्ग म्हणजे यूजीसी-नेट परीक्षा.

पात्रता : पर्यावरणशास्त्र, संगणकशास्त्र इत्यादी विषयांत ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी (नॉन-क्रिमीलेअर), दिव्यांग व तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही परीक्षा देऊ शकतात.

वयोमर्यादा : जेआरएफसाठी ३० वर्षे. वरील प्रवर्गांना व सर्व महिलांना ५ वर्षांची सवलत.

लाभ : पहिली २ वर्षे दरमहा ३७,००० रुपये, त्यानंतर ४२,००० रुपये. नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा.

कुठे संशोधन कराल? : वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाची पर्यावरण व शाश्वत विकास संस्था, नागपुरात नीरी, तसेच इतर विद्यापीठे.

लक्षात ठेवा : नुसती परीक्षा उत्तीर्ण होऊन पैसे सुरू होत नाहीत, पीएचडीला प्रवेश घ्यावा लागतो. अधिछात्रवृत्ती म्हणजे कायम नोकरी नव्हे. प्रकल्पावरील कंत्राटी काम मिळाले तर जरूर करा, पण त्यासाठी नेट पुढे ढकलू नका. प्रकल्पाची मुदत संपते आणि तोवर तुमची वयोमर्यादाही उलटून गेलेली असू शकते.