वाडे गेले, फ्लॅट आले, विम्याचं काय?

संगमनेरात वाडे पाडून अपार्टमेंटं उभी राहिली. वाड्याला मालक ठरलेला असायचा. फ्लॅटमध्ये जिना, गच्ची, पाया सगळ्यांचा. 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने ही सामाईक मालकी कागदावर आणली, पण विम्याचा विचार आपण केलाच नाही.

1961 ला पानशेत फुटलं, 1967 ला कोयना हादरलं, 1993 ला किल्लारी. घराचा विमा म्हणजे तेव्हा आगीचा विमा. भूकंपासाठी जादा हप्ता. तो कोण भरणार!

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' आली. आग, पूर, भूकंप, दरड एकाच पॉलिसीत. घरासोबत सामानालाही संरक्षण, इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख.

इथेच लोक फसतात: रक्कम बांधकामखर्चावर ठरते, बाजारभावावर नाही. समजा फ्लॅट 40 लाखांचा, पण 800 चौरस फूट बांधायला फुटामागे 2000 लागत असतील, तर विमा 16 लाखांचाच. जमीन काही जळत नाही.

सोसायटीने अख्ख्या इमारतीचा विमा काढला असेल तर तुम्ही फक्त सामानाचा काढा. एका नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. रो हाऊसवाल्यांनी मात्र आधी बघावं, विमा सोसायटीच्या नावावर आहे की कुणाच्याच नाही. प्रवरेकाठच्यांनी तर पावसाळ्याआधीच सेक्रेटरीकडे पॉलिसीची प्रत मागावी.