मोरीचा बोळा

कोथरूडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातही आजी झोपण्याआधी मोरीच्या भोकात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबायची आणि वर वरवंटा ठेवायची. झुरळं येतात म्हणायची. आम्हाला ते खरंच वाटायचं.

पानशेतच्या पुराची गोष्ट घरात आजोबांची. १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं मातीचं धरण, काम पुरतं झालेलं नसताना भरलेलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, सकाळी ते फुटलंच, आणि त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला धरणही नेलं. पोती नसती तर पाणी रात्री, झोपेतच आलं असतं, हे सांगताना आजोबा दरवेळी हात जोडत. गोष्ट पुण्यातल्या लकडी पुलापर्यंत आली की आजी उठून आत जाई.

मी दहावीत होतो. जुलैतली पहाट, पाऊस धो धो. पाहतो तर आजी मोरीपाशी उकिडवी, वरवंट्यावर दोन्ही तळवे दाबून बसलेली. "बुडबुडतंय रे," म्हणाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली ओतली होती.

तेव्हा तिनं सांगितलं. शनिवार पेठेतल्या वाड्यात पाणी आधी दारातून आलंच नाही, मोरीतून आलं. तुंबली असेल म्हणून ती खराट्याची काडी घालून ढोसत बसली. बाहेर आरडाओरडा, तिला वाटलं, कुणाचं भांडण. कळलं तेव्हा माझ्या वडिलांना कडेवर घेऊन पळाली. शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या काकू होत्या. "त्यांना हाक नाही मारली मी."

अशा त्रासाला मानसोपचाराच्या अमेरिकी नियमावलीत स्वतंत्र नाव मिळालं ते १९८०मध्ये. जिवावरच्या प्रसंगात मेंदूतला भीतीचा भाग, अमिग्डाला, आवाज-वास खोल कोरून ठेवतो. पण त्यांना जागा-वेळेची चौकट देणाऱ्या हिप्पोकॅम्पसचं काम विस्कळीत होतं, असं अभ्यासक मानतात. आजोबांच्या पुराला तारीख होती. आजीच्या पुराला नव्हती. बुडबुड ऐकली की तो आत्ता, इथेच यायचा. "किती वर्षं झाली, विसर आता," असं तिला सगळे म्हणत. मीही म्हणालो होतो, त्याचं आजही वाईट वाटतं. ती आठवत नव्हतीच. आठवण तिच्यावर चालून येत होती.

त्या रात्रीपासून बोळा मी कोंबू लागलो. अंथरुणातून ती विचारायची, "घट्ट बसला का रे?"

"बसला, आजी."

मग ती कूस बदलायची.