शाश्वत विकासाचं शिक्षण : एका हिशेबाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ भेटायला थांबले होते. त्यांच्या मुलीनं 'शाश्वत विकास' या विषयात पदव्युत्तर पदवीसाठी प्रवेश घेतलाय. म्हणाले, "सर, यात शिकवतात तरी काय? झाडं लावायला दोन वर्षं कशाला लागतात?" मी हसलो, पण घरी जाईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, आणि ते इतिहासातून देतो. कारण हा विषय वाटतो तितका नवा नाही. त्याच्या जुन्या चुका ठाऊक नसतील, तर पदवी मिळेल, पण विषय हाती लागणार नाही.

आधी शब्द बघू. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे शब्दापाशी अडखळतोच. आपल्या परंपरेत 'शाश्वत' म्हणजे नित्य, कधीही न बदलणारं. बुद्धानं शाश्वतवाद आणि उच्छेदवाद ही दोन्ही टोकं नाकारली, ती याच अर्थानं. आणि विकास म्हणजे तर बदल. मग न बदलणारा बदल ही काय भानगड? घोळ भाषांतराचा आहे. मूळ कल्पना आपल्या स्वयंपाकघरातली आहे. माझी आजी म्हणायची, "पुरवून वापरा रे." पावसाळ्याची बेगमी केली की ती सुगीपर्यंत गेली पाहिजे. मोठ्या शब्दाचा हा साधा अर्थ आहे.

हा अर्थ पहिल्यांदा ग्रंथात आला तो जर्मनीत, सॅक्सनी प्रांतात. फ्रायबर्ग हे तिथलं चांदीच्या खाणींचं गाव. खाणीत आधाराला लाकूड, धातू वितळवायला लाकूड, घरात शेगडीला लाकूड. आजूबाजूची जंगलं संपत चालली. हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ हा तिथल्या खाण खात्याचा मोठा अधिकारी. त्यानं १७१३ साली वनशास्त्रावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं सांगितलं, की जंगल असं वापरा की ते पुरत राहील : तोडाल त्या प्रमाणात लावा, शेगड्या सुधारा, लाकडाला दुसरं इंधन शोधा. लक्षात घ्या, हा माणूस कुणी निसर्गकवी नव्हता. चांदीचा धंदा बुडेल, या काळजीनं तो लिहीत होता.

पुढे याचं शास्त्र झालं आणि शास्त्राच्या शाळा निघाल्या. हाइनरिश कोटा यानं १८११ मध्ये आपली वनविद्येची शाळा सॅक्सनीतल्याच थारांट इथे आणली. जंगलात लाकूड किती, दरवर्षी वाढतं किती, म्हणून तोडायचं किती, हे गणित अशा शाळांमध्ये पक्कं झालं. टिकाऊ वापराचं हे पहिलं रीतसर शिक्षण म्हणायला हरकत नाही.

आता हे गणित आपल्याकडे कसं आलं ते पाहा. रेल्वेला स्लीपर हवे होते, जहाजांना साग हवा होता, आणि जंगलांची तोड बेसुमार चालली होती. ब्रिटिश सरकारनं १८६४ मध्ये वनखात्याचा पहिला महानिरीक्षक नेमला तो जर्मन : डीट्रिश ब्रँडिस, बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १८७८ मध्ये डेहराडूनला वनविद्यालय सुरू झालं आणि त्याच वर्षी नवा वन कायदा आला. या कायद्यानं राखीव जंगलं, संरक्षित जंगलं असे भाग पाडले. गावाची म्हणून काही जंगलं असावीत, असं ब्रँडिसचं स्वतःचं मत होतं. कायद्यात तशी तरतूदही होती. पण ती फारशी वापरली गेली नाही. राखीव जंगलं मात्र वाढत गेली.

पाचच वर्षांनी, १८८३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. त्यात वनखात्यावरचा राग स्पष्ट आहे. डोंगर, दऱ्या, गायरानं जंगलखात्यानं आपल्याकडे ओढली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेरडांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार. मला वाटतं, या विषयाच्या अभ्यासक्रमात कार्लोविट्झच्या शेजारी फुले असायला हवेत. कारण डेहराडूनचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. वहीत लाकडाचा रकाना होता. शेळीचा नव्हता, जळणाच्या मोळीचा नव्हता, मोहाच्या फुलांचाही नव्हता. जंगल टिकवायचं होतं, पण कुणासाठी आणि कुणाच्या पोटाला चिमटा काढून, हे कुणी विचारलं नाही.

विसावं शतक मी भराभर ओलांडतो. १९७२ ची स्टॉकहोम परिषद तुम्हाला माहीत आहे. इंदिरा गांधी तिथे गेल्या आणि गरिबी बाजूला ठेवून पर्यावरणाचं बोलता येणार नाही, हे त्यांनी मांडलं. १९८७ मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या आयोगाचा अहवाल आला. या बाई पेशानं डॉक्टर, सार्वजनिक आरोग्य शिकलेल्या आणि नॉर्वेच्या पंतप्रधान. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का लागू नये, ही त्यांची व्याख्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पण त्याच ठिकाणी अहवाल पुढे म्हणतो, की गरजा म्हणजे मुख्यतः जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि त्यांना अग्रक्रम द्यायचा. परीक्षेच्या उत्तरात नेमका हाच भाग गळतो, बरं का! इंदिराबाईंचा मुद्दा, फुल्यांचा मुद्दा, सगळा त्यात आहे.

१९९२ च्या रिओ परिषदेनं शिक्षणावर एक अख्खं प्रकरण दिलं. त्यानंतर विद्यापीठांतून हा विषय पसरला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानं २००४ मध्ये यात पीएच.डी. सुरू केली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टं आणि त्यांखाली १६९ लक्ष्यं ठरवली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि इतरत्र असे अभ्यासक्रम आले. अर्थशास्त्र, परिसंस्था, कायदा, आकडेवारी असं सगळं थोडं थोडं शिकवतात. नोकऱ्याही आहेत : कंपन्यांना दरवर्षी अहवाल लिहून हवे असतात. मला भीती आहे ती इथेच. रकाने भरण्यात तरबेज झालेली पिढी तयार होईल, आणि कोणता रकाना वहीत नाहीच, हे विचारायची सवय सुटेल. डेहराडूनला तेच झालं होतं.

दुसऱ्या तऱ्हेचं शिक्षणही आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गोंड वस्तीचं गाव. तिथे अनेक वर्षं अभ्यासगट चालतात. गावकरी बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, कायदा वाचतात, जंगलाची माहिती गोळा करतात. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तो सर्वसहमतीनं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळवायला २०११ उजाडलं. हक्क कागदावर असणं आणि हातात असणं यांत किती अंतर असतं, हे त्या गावानं प्रत्यक्ष शिकून घेतलं. बांबू किती तोडायचा हा हिशेब तिथेही आहेच. फरक इतकाच, की ज्यांचं पोट त्या जंगलावर आहे, तेच वही लिहायला बसलेत.

तर त्या गृहस्थांना माझं उत्तर असं. मुलीला जरूर शिकू द्या. दोन वर्षं जास्त नाहीत, कमीच आहेत. गणित तिनं पक्कं करावं, कारण गणित नसलेल्या कळवळ्यानं एकही जंगल वाचलेलं नाही. पण प्रकल्पासाठी गाव निवडण्याची वेळ येईल, तेव्हा तिथे चार दिवस फॉर्म भरून परत येऊ नये. महिनाभर राहावं, आणि आपल्या वहीत कुणाची शेळी राहून गेलीय का, ते बघावं. तेवढं तिला साधलं, तर ती शिकली असं मी म्हणेन.

इथेच थांबतो. तुमचे प्रश्न असतील, तर आता घेऊ.