भरमार बंदुकीचा बार: दारू किती, गोळी कोणती आणि आजचा कायदा काय?

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील जुन्या माणसांना ‘भरमार’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुढच्या तोंडाकडून दारू आणि गोळी भरून गजाने ठासायची बंदूक म्हणजे भरमार. मराठीत तिलाच ठासणीची बंदूक म्हणतात. वडसा (देसाईगंज) परिसरातील जंगलकाठच्या गावांत ती शेताच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी वापरली जात असे. मोठ्या जनावरासाठी अशा बंदुकीचा बार कसा ठरवत, त्यामागचे शास्त्र काय आणि आज या सगळ्याचा अर्थ काय, हे या लेखात पाहू.

‘बार’ म्हणजे नेमके काय?

आजच्या काडतुसात दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी कारखान्यातच एकत्र बसवलेली असते. भरमारमध्ये हे काम बंदूकधाऱ्याला दर वेळी स्वतः करावे लागते. आधी मोजलेली दारू, मग कापडाच्या किंवा चामड्याच्या चकतीत बसवलेली गोळी, मग गजाने ठासणे आणि शेवटी कानाजवळ रंजक किंवा टोपी. या सगळ्याचे मिळून जे प्रमाण बनते तो बार. दारू ओली असली किंवा ठासणी सैल राहिली तर आवाज होतो, काम होत नाही. ‘फुसका बार’ हा शब्द आपल्या बोलण्यात आला तो यातूनच.

१८५७ च्या उठावात गाजलेले एनफिल्ड रायफलीचे काडतूस हाही ठासणीचाच बार होता. दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली असे. शिपायाने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी ठासायची. त्या बारात सुमारे ४.४ ग्रॅम दारू आणि सुमारे ३४ ग्रॅमची शिशाची गोळी असे. हे प्रमाण माणसांच्या लढाईसाठी ठरवलेले होते. रानगवा किंवा हत्ती यांच्यासाठी शिकाऱ्यांनी वेगळा हिशेब मांडला.

गोळी किती जड?

गोल गोळीचे वजन तिच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होते. म्हणून नळी थोडी रुंद केली तरी गोळी बरीच जड होते. अर्ध्या इंचाच्या नळीत बसणारी शिशाची गोल गोळी साधारण ११.५ ग्रॅमची असते, तर १२ बोअरची गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. ‘१२ बोअर’ याचा मूळ अर्थच असा, की नळीच्या मापाच्या १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. त्यामुळे बोअरचा आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी.

गोल गोळीचा एक दोष आहे: हवेत तिचा वेग लवकर मरतो. अर्ध्या इंचाची गोळी पहिल्या १०० यार्डांतच (सुमारे ९१ मीटर) वेगाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग गमावते. गोळीची ताकद वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती निम्म्याहूनही कमी उरते. म्हणून ठासणीच्या बंदुकीने दूरवरून मोठे जनावर मारण्याचा प्रयत्न म्हणजे बहुतेक वेळा त्याला जखमी करून सोडणे.

दारू वाढवली की काम झाले?

तसे नाही. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती दुप्पट टाकली म्हणून गोळीचा वेग दुप्पट होत नाही. एका मर्यादेनंतर जादा दारूचा बराचसा भाग धूर, जाळ आणि खांद्याला बसणारा धक्का यांतच जातो. नेमही बिघडतो. दाण्याचा आकारही महत्त्वाचा. बारीक दाणा झटकन जळतो आणि दाब एकदम वाढवतो, जाड दाणा सावकाश जळतो. म्हणून रुंद नळीच्या बंदुकीला जाड दाण्याची दारू वापरत.

या प्रश्नावरचे महत्त्वाचे लिखाण मध्य भारतातल्या अनुभवातून आले आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा मध्य प्रांतात काम केलेला इंग्रज अधिकारी. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे त्या वेळी याच मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होते. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवरचे त्याचे पुस्तक १८६३ मध्ये निघाले, तर मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक १८७१ मध्ये.

रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात आणि त्या गोळीला गरगर फिरवतात. पेच फार घट्ट असला आणि दारू जास्त भरली, तर गोळी खाचा सोडून सरळ घसरत बाहेर पडते आणि नेम चुकतो. यावर फोर्सिथचे उत्तर होते: पेच अगदी संथ ठेवा, गोळी गोल आणि मोठी ठेवा, मग दारू भरपूर टाकता येते. अशी गोळी जंगलातल्या जवळच्या अंतरात जवळपास सरळ जाते. त्यामुळे दाट झाडीत अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फारसा बिघडत नाही.

सॅम्युअल बेकरने १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्ज यांच्याकडून करून घेतलेली रायफल हे टोकाचे उदाहरण. तिचे वजन सुमारे साडेनऊ किलो. गोळी सुमारे ८५ ग्रॅमची आणि दारू सुमारे २८ ग्रॅम, म्हणजे एनफिल्डच्या सहापटीहून जास्त. ही रायफल त्याने श्रीलंकेत हत्तींच्या शिकारीसाठी नेली होती. अशा जनावरांसाठी शिसे मऊ पडते, हाडावर आपटून चपटे होते, म्हणून त्यात कथील किंवा पारा मिसळून गोळी कडक करीत.

बार कसा ठरवत?

आजही ज्या देशांत ठासणीच्या बंदुकीने कायदेशीर शिकार होते, तिथे पद्धत तीच आहे. बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत कमी दारूपासून सुरुवात करायची आणि ठरावीक अंतरावर कागदी निशाणावर अनेक बार टाकायचे. दारू थोडी थोडी वाढवत जायची आणि गोळ्या जिथे सर्वांत जवळ-जवळ लागतात ते प्रमाण कायम करायचे. सर्वांत जोरदार बार आणि सर्वांत चांगला बार एकच नसतो.

काही पथ्ये कधीच मोडायची नसतात. आधुनिक बिनधुराची दारू अशा बंदुकीत भरली तर नळी फुटते. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तरी नळीला धोका असतो. काही ठिकाणी कायदाच किमान माप ठरवतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या बंदुकीने हरणाच्या शिकारीसाठी किमान ०.४० इंच आणि एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी किमान ०.५० इंच व्यासाची नळी लागते. जनावर तडफडत राहू नये, हा अशा नियमांमागचा विचार.

कमजोर बाराची किंमत

गावठी भरमारमध्ये अनेकदा छर्रे किंवा लोखंडाचे तुकडे भरले जात. ते पसरतात, खोल जात नाहीत आणि जनावर जखम घेऊन जंगलात निघून जाते. पुन्हा बार भरेपर्यंत बराच वेळ जातो. त्याची किंमत कोण मोजते? चंपावतची वाघीण जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात. तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते आणि ती जुन्या बंदुकीच्या गोळीची जखम होती, असे कॉर्बेटने नोंदवले आहे. नैसर्गिक शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली, असे त्याचे मत होते. कोणी तरी टाकलेला एक अर्धवट बार शेकडो घरांना भोवला.

आज वडशात याचा अर्थ काय?

वडसा वनविभागात रानडुकरे आणि रोही पिकात शिरतात. २०२१ पासून रानटी हत्तींचा कळपही या भागात फिरतो आहे. सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात जेरबंद झाला, तेव्हा त्याच्या हल्ल्यांत १३ जणांचा जीव गेला होता. राखणीला रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. पण घरातली जुनी भरमार हे त्यावरचे उत्तर नाही.

- शिकारीला बंदी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरच्या शिकारीची वाटही बंद झाली. पिकांचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत केवळ अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच कारवाई होऊ शकते.
- बंदुकीला परवाना लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी भरमारच्या परवान्याची तरतूद आहे. पण हा परवाना शिकारीचा नाही. आजोबांची बंदूक भिंतीवर टांगलेली असली तरी परवाना हवाच. विनापरवाना बाळगल्यास तुरुंगवास होऊ शकतो.
- बंदूक जमा करता येते. गडचिरोली पोलिसांच्या आवाहनानंतर अनेक गावकऱ्यांनी भरमार बंदुका स्वेच्छेने जमा केल्या आहेत.
- नुकसानभरपाई मिळते. पीक, जनावर किंवा माणूस यांचे नुकसान झाल्यास लगेच वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. पंचनामा होईपर्यंत पुरावे हलवू नका. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे.

थोडक्यात

भरमारचा बार म्हणजे गोळीचे वजन, दारूचे प्रमाण आणि अंतर यांचा मेळ. तो चुकला की जनावर मरत नाही, जखमी होते, आणि जखमी जनावराचा पुढचा सामना बंदूक धरणाऱ्याशीच होईल असे नाही. सरपणाला किंवा तेंदूपानाला गेलेल्या दुसऱ्याच कोणाशी तो होतो.